सदर नावाडी आणि सातवी ब

मसुदेसाहेबांना भाषा शिकवता येत नाही, हे आधी त्यांच्या बायकोला माहीत होतं, मग सातवी ब ला कळलं, आणि खुद्द साहेबांना सगळ्यात शेवटी. घोरण्याचं जसं असतं ना, घरातल्या सगळ्यांना ऐकू येतं, घोरणाऱ्याला सोडून, तसंच हे.

'साहेब' हा काही त्यांचा हुद्दा नव्हता. पाणीपुरवठा कार्यालयात ते हेडक्लार्क होते आणि चौतीस वर्षं तिथून एकही पत्र त्यांच्या मसुद्याशिवाय बाहेर पडलं नाही, म्हणून लोकांनी त्यांना मसुदेसाहेब करून टाकलं. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. लिहायला पत्रं उरली नव्हती, तेव्हा ते घरात वाण्याच्या यादीलाही 'विषय' आणि 'संदर्भ' घालत. बायको शाळेत भाषा शिकवायची. तिला सगळी गल्ली 'बाई' म्हणायची, आणि आताशा साहेबही कधीकधी चुकून म्हणत.

बाईंचा आवाज गेला तो एका सोमवारी, तिसऱ्या तासाला, उपमा आणि रूपक यांच्या बरोबर मधोमध. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत, तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. सत्तावीस वर्षं वर्गावर ओरडून दुसरं काय होणार? बाईंनी मान डोलावली, येताना रस्त्यात एक पाटी आणि खडूचा डबा घेतला, आणि घरी येऊन पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, 'माझा तास गेला.'

हे तासाचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून घडलं. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी भांडून, अर्ज करून, शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर ठिय्या देऊन शाळेकडून रोजचा शेवटचा तास मिळवला होता. वाचनाचा तास. त्यात अभ्यासक्रम नाही, गृहपाठ नाही. एक उतारा वाचायचा आणि त्याबद्दल बोलायचं, बस्स. आता नवे मुख्याध्यापक आले होते आणि त्यांना तो तास संगणकाला द्यायचा होता. बरीच घासाघीस होऊन ठरलं की खात्याच्या वाचन चाचणीत सातवी ब ची सरासरी साठच्या वर आली तर तास राहील, नाहीतर संगणक. चाचणी होती बरोबर तीन आठवड्यांनी.

शेजारीपाजारी समाचाराला येऊ लागले. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले की कोमट पाणी पाजा. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, कोमट अजिबात नको, गार पाजा. समोरच्या काकू तर रोज येत, बाईंच्या शेजारी दोन दोन तास बसून सुनेविषयी बोलत, आणि जाताना साहेबांना सांगत, 'बाईंशी चार शब्द बोलले की किती हलकं वाटतं हो.' बाई पाटी उशाला घेऊन डोळे मिटून पडून राहत.

तेव्हा साहेबांनी जाहीर केलं की वर्ग आपण घेऊ. त्यात काय एवढं? मातृभाषाच तर शिकवायची. आपण चौतीस वर्षं हीच भाषा लिहीत आलो, आणि मंत्र्यांपर्यंत गेली आहेत आपली पत्रं. बाईंनी पाटीवर लिहिलं, 'नको.' आणि त्या शब्दापुढे पूर्णविराम दिला. साहेबांना तो पूर्णविराम फार लागला. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला की बदली शिक्षक नाही मिळाला तर शेवटचा तास आत्तापासूनच संगणकाचे सर घेतील. बाईंनी पाटी हातात घेतली, बराच वेळ त्या 'नको'कडे पाहिलं, आणि पदराने पुसून टाकला.

आता परवानगी. सरकारी कामाची साहेबांना कसली भीती? ज्या विहिरीत लोकांना ढकललं तिची खोली त्यांना पक्की ठाऊक होती. पण काठावर उभं राहून ढकलणं वेगळं आणि आत पडणं वेगळं. शिक्षण कार्यालयातल्या कारकुनाने त्यांना तीन दाखले मागितले, चौथा सुचवला, आणि मग नियमावर बोट ठेवून सांगितलं की रजेवरच्या शिक्षिकेने समक्ष येऊन, आपल्याला बोलता येत नाही असं तोंडी सांगायला हवं. साहेबांनी नियम पाहिला. खरंच तसा होता. त्याची भाषा इतकी नेटकी होती की त्यांना क्षणभर तो लिहिणाऱ्याचं कौतुकच वाटलं.

बाई आल्या, कारकुनासमोर उभ्या राहिल्या आणि अर्थातच काही बोलल्या नाहीत. कारकुनाने लिहायला घेतलं, 'अर्जदार काही बोलल्या नाहीत, सबब प्रकरण अपूर्ण.' बाई नुसत्या चष्म्यावरून पाहत राहिल्या. कारकुनाचा हात हळू झाला. त्याने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, कान लाल झाले, आणि मग तो खुर्चीतून उठून हात मागे बांधून उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी तो सातवी ब मध्येच होता. दोन मिनिटांत शिक्का बसला. साहेबांना वाटलं, नशीब ओळखीचा निघाला. त्यातून घ्यायचा तो धडा त्यांनी काही घेतला नाही.

पहिल्या दिवशी साहेब इस्त्रीचे कपडे घालून वर्गात गेले. बत्तीस पोरं. व्याकरणात प्रयोग चालू होते आणि साहेबांचा जीव कर्मणीवर. त्यांनी पोरांना मन लावून समजावलं की सभ्य माणूस 'मी केलं' असं कधी म्हणत नाही, 'करण्यात आलं' म्हणतो. त्यात भारदस्तपणा आहे, आणि चौकशी झाली तर कुणाचं नावही येत नाही. पोरांचे डोळे चमकले. मधल्या सुट्टीनंतर काच फुटलेली आढळली. साहेबांनी विचारलं, कुणी फोडली? सबंध वर्ग एका सुरात म्हणाला की काच फोडण्यात आली आहे. व्याकरण बिनचूक होतं, त्यामुळे साहेबांना रागावताही येईना.

वाचनाच्या तासाला त्यांनी आपलं खरं हत्यार बाहेर काढलं. प्रत्येक पोराला एक फाईल. उतारा आला की त्याला आवक क्रमांक द्यायचा, समासात तारीख, मग विषय, मुद्दे, आणि खाली निर्णय. पोरांना हा खेळ भारी आवडला. उत्तरं पटापट येऊ लागली, अक्षर सुधारलं, आणि मुख्याध्यापक दारातून डोकावून समाधानाने गेले. फक्त शेवटच्या बाकावरची एक मुलगी काही लिहीत नसे. तिला वर्गात सगळे 'कुलूप' म्हणत, कारण तिने वर्षभरात उत्तर म्हणून तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. साहेब तिला प्रश्न विचारत, दोन सेकंद पाहत, आणि पुढे जात. तिच्या फाईलवर त्यांनी 'प्रलंबित' असा शेरा मारला होता.

अलंकारांनी मात्र घात केला. तसा गृहपाठ साधाच होता, घरातल्या माणसांवर एकेक उपमा लिहून आणायची. दुसऱ्या कुणी शिक्षकाने तेवढ्यावर सोडलं असतं. साहेबांनी मात्र हाडाच्या हेडक्लार्कला शोभेल असा नियम घातला, की ज्या व्यक्तीवर उपमा आहे त्या व्यक्तीने वाचून खाली पडताळणीची सही करायची. दोन प्रतींत.

कागद जमा झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात पालकांचा जमाव. एका पोराने लिहिलं होतं, 'आमचे बाबा भिंतीवरच्या बंद घड्याळासारखे आहेत, सगळे त्यांच्याकडे बघतात पण त्यांचं काही चालत नाही.' बाबांनी सही केली नव्हती, आईने मात्र दोन्ही प्रतींवर केली होती. कुणाची आजी दाराच्या कडीसारखी निघाली, कुणी आलं की वाजणारी. आणि मुख्याध्यापकांची भाची याच वर्गात आहे, हे साहेबांना सांगायचं सगळेच विसरले होते. तिने मामांना कॅलेंडरची उपमा दिली होती, 'कितीही पानं उलटली तरी तिथेच लटकलेले.' साहेबांना मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. निवृत्त माणसाला, इस्त्रीच्या कपड्यांत.

जमाव पांगल्यावर एकच जण मागे उरली. कुलपाची आई, कपडे शिवून घर चालवणारी. साहेबांनी आधीच हात जोडले. पण तिला तक्रार करायची नव्हती. मुलीने लिहिलेला कागद तिने घडी उलगडून दाखवला, 'आई सुईसारखी. टोचते पण जोडते.' एवढंच. दुसरी प्रत नव्हती म्हणून साहेबांनी तो कागद आदल्या दिवशी परत केला होता. आई म्हणाली की हा मला ठेवायला मिळेल का, ती घरीही फार बोलत नाही. साहेबांनी मिळेल म्हटलं, आणि दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागलं नाही.

दोन आठवडे सरले तेव्हा सराव चाचणी झाली. उतारा एका नावाड्याचा होता. नदीवर पूल बांधून झाला, त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी नावाडी पहाटे उठला, नाव धुतली, आणि एकही उतारू नसताना पलीकडच्या काठाला जाऊन परत आला. प्रश्न होता, त्याने रिकामी नाव का नेली? एकतीस पोरांनी एकच उत्तर लिहिलं, 'सदर नावाड्यास उतारू उपलब्ध झाले नाहीत.' कुलपाचा कागद कोरा.

साहेब उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन फुशारकीने घरी आले. एकतीसांचं एकमत, चौतीस वर्षांत कुठल्या बैठकीत झालं होतं? बाईंनी जेवणाच्या टेबलावर एकेक कागद वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'तुम्हाला काय वाटतं? का नेली?'

साहेब म्हणाले की उघड आहे, उतारू नव्हते. बाई पाहत राहिल्या. साहेब म्हणाले, सवय असेल. बाई पाहत राहिल्या. साहेब पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला, उत्तर बरोबरच आहे असं पुन्हा बजावलं. बाईंनी ना मान हलवली, ना पाटी उचलली. त्या नजरेत राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यांना कसली घाई नव्हती. इतक्या निवांतपणे साहेबांच्या उत्तराची वाट आयुष्यात कुणी पाहिली नव्हती.

आणि मग साहेबांच्या तोंडून भलतंच बाहेर आलं. ते म्हणाले, 'माझ्या शेवटच्या दिवशी मी तासभर आधी गेलो होतो ऑफिसला. तुला सांगितलं नाही. कुणी आलं नव्हतं. माझ्या टेबलावर एक पत्र नव्हतं. मी एका कोऱ्या कागदावर शिक्का मारला. सरळ आला का ते पाहिलं. आणि कागद खिशात घालून घरी आणला.' मग म्हणाले, 'त्याला निरोप घ्यायचा होता गं. लोकांच्या गर्दीत नको होता, एकट्याने हवा होता.'

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी उठून आपली जुनी वही आणली आणि साहेबांसमोर ठेवली. वहीत दरवर्षीच्या प्रत्येक पोरासाठी एकेक ओळ होती. कोण मोठ्याने वाचताना अडखळतं, कुणाला चूक सगळ्यांदेखत सांगू नये, कुणाच्या घरी सध्या काय चाललंय. कुलपाच्या नावापुढे होतं, 'उत्तर येतं. वेळ लागतो. मध्ये कुणी बोलू नये.' आणि पहिल्या पानावर, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या अक्षरात, 'प्रश्न विचारून झाला की दहा अंक मोजणे. मग आणखी दहा.' साहेब रात्री आडवे झाले तेव्हा त्यांच्या मनात आलं की आपण फायली सांभाळल्या आणि हिने माणसं सांभाळली, तीही एकही पत्र न लिहिता. असली मोठी गोष्ट आपल्याच स्वयंपाकघरात इतकी वर्षं घडत होती आणि आपण वाण्याच्या यादीला संदर्भ घालत बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या फायली गोळा केल्या, वर्गासमोर उभे राहिले आणि म्हणाले, 'मी चुकलो.' पोरं चपापली. कर्ता वाक्यात हजर होता. मग साहेबांनी नावाड्याचा उतारा पुन्हा वाचला, प्रश्न विचारला, आणि गप्प बसले.

आता गप्प बसणं हे बोलायला सोपं. साहेबांना चौथ्या अंकालाच घाम फुटला. सातव्याला जीभ वळवळू लागली, तेव्हा त्यांनी हातरुमाल तोंडावर धरला. नेमके मुख्याध्यापक दारातून डोकावले, पाहतात तो वर्ग चिडीचूप आणि मास्तर तोंडाला रुमाल लावून बसलेले. त्यांना वाटलं घेरी आली, आणि त्यांनी शिपायाला पाणी घेऊन पिटाळलं. पण पेला यायच्या आत बंद घड्याळवाल्या बाबांचा मुलगा म्हणाला की सर, नावेला वाईट वाटलं असेल म्हणून नेली. दुसरी म्हणाली की नावेला नाही, त्यालाच. मग जे सुरू झालं ते घंटा होईपर्यंत थांबलं नाही. साहेब पाणी प्यायला विसरले. पुढचे सहा दिवस वर्ग असाच चालला. कुलूप काही उघडलं नाही, पण साहेब आता तिच्यासाठी वीसपर्यंत मोजत होते, आणि फाईलवरचा 'प्रलंबित' त्यांनी खोडून काढला होता.

चाचणीच्या दिवशीच बाईंचे तीन आठवडे भरले. डॉक्टरांनी सकाळी घसा तपासला आणि परवानगी दिली, आठवडाभर रोज एक वाक्य, जास्त नाही. बाई थेट शाळेत आल्या आणि वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या. साहेबांच्या मनात दिवसभर एकच घोळत होतं की ते एक वाक्य आपल्या वाट्याला येणार का.

लेखी झाली. मग तपासणी अधिकाऱ्यांनी तोंडी प्रश्नासाठी हजेरीतला एक क्रमांक पुकारला, आणि उठली कोण, तर कुलूप. तोंडीचे गुण पाचव्या हिश्श्याएवढे होते, आणि एकाच पोराच्या उत्तरावर ते सबंध वर्गाला मिळायचे. मुख्याध्यापकांनी संगणकाच्या सरांकडे पाहिलं. उतारा होता एका पेटी वाजवणाऱ्या मुलीचा. तिच्या समोरच्या घरातली म्हातारी ठार बहिरी, तरी मुलगी वाजवायला बसली की म्हातारी रोज खिडकी उघडायची. का उघडायची?

कुलूप उभी. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, पेन उघडलं आणि म्हणाले की बस खाली, शून्य.

चाचणीत बाहेरच्या माणसाने बोलायचं नसतं. हा नियम साहेबांना कलमासकट पाठ होता, आणि कुठल्याही अधिकाऱ्यासमोर ते आजवर ब्र काढायला धजले नव्हते. तरी ते उठले. 'साहेब,' ते म्हणाले, 'मी विनंती करतो. मी स्वतः. वीस अंक मोजा. तिला उत्तर येतं.'

अधिकाऱ्यांची भुवई चढली. पण इतक्या वर्षांत कुणी त्यांच्यासमोर 'मी' म्हटलेलं त्यांनी ऐकलं नसावं, किंवा दारातल्या बाईंकडे त्यांचं लक्ष गेलं असावं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दहा झाले. पंधरा झाले. बाई कुलपाकडे त्याच नजरेने पाहत होत्या, कसली घाई नसलेल्या. अठराव्या अंकाला कुलूप बोलली, बारीक पण स्पष्ट आवाजात.

'तिला पेटी ऐकू येत नाही. पण खिडकी बंद असली तर मुलीला वाटेल की कुणी ऐकतच नाही. म्हणून उघडायची.'

अधिकारी लिहायचे थांबले. पूर्ण गुण, ते म्हणाले, आणि असं उत्तर आमच्याकडच्या उत्तरसूचीतही नाही असं स्वतःशीच पुटपुटले. लेखीचे गुण तिथेच मोजून झाले होते, ते मिळवून सरासरी आली एकसष्ट. तास राहिला. साहेबांनी वळून पाहिलं तेव्हा बाई शेवटच्या बाकापाशी वाकून कुलपाच्या कानात काहीतरी सांगत होत्या.

म्हणजे वाक्य खर्च झालं. साहेबांचा चेहरा पडला. पोरं घरी निघाली तेव्हा त्यांनी कुलपाला फाटकात गाठलं आणि आडून आडून विचारलं की बाई काय म्हणाल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, गोड हसली, आणि काही न सांगता आईचं बोट धरून चालू लागली. कुलूप ते कुलूपच. साहेबांनी वीस अंक मोजले, तरी काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी स्वतः चहा केला, बाईंसमोर ठेवला आणि समोर बसून राहिले. विचारलं मात्र नाही. एव्हाना तेवढं शिकले होते. बाईंनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला, आणि तीन आठवड्यांनंतर नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलल्या. आवाज खरखरीत होता पण तोच होता.

'सोमवारपासून तुम्हीही येत जा वाचनाच्या तासाला.'

साहेबांची छाती फुगली. इतक्या वर्षांच्या संसारात असं प्रशस्तिपत्र त्यांना मिळालं नव्हतं. त्यांनी घाईघाईने विचारलं, 'शिकवायला?'

बाईंचं त्या दिवशीचं वाक्य संपलं होतं. त्यांनी पाटी ओढली, खडू घेतला, आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'बसायला. शेवटचा बाक. तिच्या शेजारी जागा आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग उठून सोमवारसाठी शर्ट इस्त्रीला काढला.